तेरावी चूल

नाव

मठाच्या वहीतला पहिला रकाना कुटुंबप्रमुखाच्या नावाचा, आणि भानगड तिथूनच सुरू व्हायची. दिवाळीच्या तोंडावर सूतगिरणीच्या चाळीतून उठवलेली माणसं ट्रॅक्टरात गाद्या, पिंपं, शेळ्या घालून परळीजवळच्या मठाच्या दारात उतरली, तेव्हा महादेवी वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. तुमच्यात प्रमुख कोण, असं विचारलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत. घरच राहिलं नाही तर प्रमुख कशाचा, असं त्या बघण्यात असायचं.

वच्छलाबाई तेवढी सरळ बोलली. "माझ्यात मीच. मालक वारून आठ वर्सं झाली."

तिच्या मागं तिची सून उभी होती, शिवकन्या. तिनं दोन पोरींना पुढं घेतलं. "आमच्यात रामकिसन लिवा. पर ते हितं न्हाईत. बोअरच्या गाडीवर असत्यात."

"कुठल्या गावाला?"

"आज हितं, उद्या तिथं. जिथं पाणी न्हाई तिथं."

"मग आपल्याच जिल्ह्यात असायला पाहिजेत," महादेवी म्हणाली. रांगेतली दोन-चार माणसं हसली. शिवकन्या हसली नाही.

"सासू-सुनाच ना तुमी? एकाच ओळीत लिहिते."

"न्हाई," दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवसांत दोघींचं जुळलेलं तेवढं एकच मत.

मग बाराव्या ओळीत वच्छलाबाई, तेराव्या ओळीत शिवकन्या. तेरा कुटुंबं, तेरा चुली.


घर सोडण्याचं कारण

हा रकाना बोटभर रुंद. त्यात "गिरणी बंद" एवढंच मावायचं, आणि तेराही ओळींत महादेवीनं तेवढंच लिहिलं.

जे मावलं नाही ते असं. गिरणी सहकारी, शेतकऱ्यांच्या शेअरवर उभी राहिलेली. आधी कापूस आटला, मग पाणी आटलं, मग संचालकांच्या सभेला येणारी माणसं आटली. शेवटी सरकारनं नेमलेला एक साहेब आला आणि गिरणीला कुलूप घालून गेला. कामगार चाळ सोडेनात, तेव्हा चाळीवरचे पत्रे काढून नेले. उघड्या भिंतींत माणसं महिनाभर राहिली. पावसाची भीती नव्हतीच.

मठाची धर्मशाळा यात्रेकरूंसाठी बांधलेली, चौदा खोल्यांची. मठाचे विश्वस्त मन्मथप्पा, मोंढ्यातले किराणा व्यापारी, म्हणाले, नुसतं जेवू घालणं म्हणजे दासोह नव्हे, पाठ टेकायला जागा देणं हाही दासोहच. त्यांनी खोल्या उघडल्या आणि तीन अटी घातल्या. दारू नाही. संध्याकाळी शिवपाठाला बसायचं, जात कुठलीही असो. आणि शुक्रवारी चौदाव्या खोलीत महादेवीपुढं बसून मन मोकळं करायचं. माणसं सगळ्यात जास्त भ्यायली ती तिसऱ्या अटीला.

आता पुढच्या घरांचं. कामगारांची एक गृहनिर्माण संस्था होती, तीही सहकारी. तिला गिरणीमागच्या माळावर जागा मंजूर झाली होती. नियम एकच: एका चुलीला एक घर. कोण कुठल्या चुलीवर खातो हे संस्थेच्या कपाटाला कसं कळणार? म्हणून दर महिन्याला मठाची यादी जायची. महादेवीच्या हातची, चुलींची. मठ लिहील ते खरं, असं संस्थेनं ठरवून टाकलं होतं. पाण्याचा टँकरही त्याच यादीवर चालायचा. चुलीमागं चार घागरी.


तक्रार

महादेवी छप्पन्न वर्षांची. लग्नाचं राहून गेलं, बालवाडीत तीस वर्षं निघाली, त्यात गुडघे गेले. निवृत्त झाली तेव्हा मठाच्या महाराजांनी बोलावून सांगितलं, आता मोठ्या माणसांचं ऐक. त्यासाठी तिला बीडला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथं शिकवलं की समुपदेशकानं सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. मठात सांगितलं की नुसतं ऐकून काय उपयोग, जोडून द्यायचं. तिनं दोन्हींचा मेळ घातला. आठ शुक्रवार ऐकायचं, नवव्या शुक्रवारी जोडायचं. बहुतेक वेळा जमायचं. आठ आठवडे तेच तेच बोलून माणूस आपल्याच रागाला कंटाळतो, हे तिला कळलं होतं. प्रमाणपत्रावर ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

प्रश्न: चूल कधीपासून वेगळी?

उत्तर, वच्छलाबाई: सा वर्सं झाली.

प्रश्न: कशावरून?

उत्तर, वच्छलाबाई: बाजेवरून.

प्रश्न: कसली बाज?

उत्तर, वच्छलाबाई: आमच्या मालकाची. आश्रुबाची. त्याच बाजंवर प्राण सोडला त्यांनी. मी ती कुणाला दिली न्हाई. भिताडाला उभी करून ठिवलती. हिनं ती कुऱ्हाडीनं फोडली अन् चुलीत घातली. माझा माणूस दोनदा जळाला, अक्का.

उत्तर, शिवकन्या: धाकटी झालती. बारा दिवसांची व्हती. सरपण भिजलेलं. पोरगी निळी पडायली व्हती गारठ्यानं, पाणी तापवायला काय घालू? स्वतःचे पाय घालू?

उत्तर, वच्छलाबाई: इचारलं असतं तर मीच दिली असती फोडून.

उत्तर, शिवकन्या: तुमी कुठं व्हतात इचारायला? दुसरी बी पोरगीच झाली म्हणून तोंड फुगवून देवळात जाऊन बसलत्या.

(यापुढं दोन ओळी गप्प. महादेवी गप्प बसणंही लिहायची. तसं शिकवलं होतं.)

दर शुक्रवारी हेच. बाज, कुऱ्हाड, गारठा, देऊळ. नववा शुक्रवार आला आणि गेला. महादेवीला पहिल्यांदा वाटलं की हे काही आपल्याच्यानं होत नाही. तिनं वहीत "चालू" असं लिहिलं आणि गुडघ्यांना तेल लावलं.


उपाय

मग संक्रांत झाली. संक्रांतीला वच्छलाबाई दोन दिवस नेकनूरला भावाकडं गेली होती. परत आली आणि दुसऱ्या दिवशी तडक चौदाव्या खोलीत. शुक्रवार नव्हता.

"जोडा," म्हणाली.

"काय?"

"चूल. जोडून टाका आमची."

"शिवानं बुद्धी दिली," म्हणत महादेवी उठून उभीच राहिली. गुडघे दुखले तेही तिला नंतर कळलं. इतके शुक्रवार वाया गेले नव्हते. ऐकण्यानं होतं. उशिरा होतं, पण होतं.

जोडायची रीत महादेवीनंच बसवलेली. दोन चुलींतली एक फोडायची, तिची माती भिजवायची, त्यात मठातली चिमूटभर विभूती कालवायची आणि त्या मातीनं दुसऱ्या चुलीला पोतेरं द्यायचं. म्हणजे मोडलेली चूल कुठं जात नाही, दुसरीच्या अंगाला लागते. महाशिवरात्रीला महाराजांसमोर हे झालं. शिवकन्येनं आपली चूल स्वतः फोडली. वच्छलाबाईनं माती कालवली. मन्मथप्पांनी शेंगदाणे आणि गूळ वाटला. धाकटीनं दोनदा घेतला.

त्या रात्री महादेवीनं वहीत लिहिलं: समेट. चूल एक. आणि तेराव्या ओळीवर रेघ मारली. सरळ यावी म्हणून पट्टी लावून मारली.

महिनाअखेर बारा चुलींची यादी, समेटाच्या शेऱ्यासकट, संस्थेकडं गेली. टँकरवाल्यानं दुसऱ्याच दिवसापासून त्या दोघींना मिळून चार घागरी दिल्या. पाच जणांच्या—नाही, चौघींच्या. पाचवा तर नव्हताच—चौघींच्या खोलीत चार घागरी.

"होतंय की भागून," शिवकन्या म्हणाली. कोणी फार लक्ष दिलं नाही.


(रकाना नाही)

चैत्र संपता संपता संस्थेचा कागद आला. मठाच्या यादीप्रमाणे बारा घरे मंजूर.

कागद आधी महादेवीनं वाचला. मग शिवकन्या आली. हात पिठाचे होते, भाकरी अर्धी टाकून आलेली.

"अक्का, बारा कशी? तेरा व्हती ना."

"आता तुमी दोघी एक झाल्यात."

"हां. मग माझं घर?"

"सासूबाईच्या नावानं मिळंल. जुनं सभासदत्व त्यांच्या मालकाचं हाय ना."

"म्हंजी मी सासूच्या घरात."

"व्हय."

"अन् सासूच्या मागं?"

"मग रामकिसनचं होईल."

शिवकन्या थोडा वेळ बोटांना चिकटलेलं पीठ सोलत राहिली. "ते दीड वर्सं आले न्हाईत, अक्का. आले अन् म्हणले नीघ, तर? एक डाव उघड्यावर ऱ्हायलेय मी पोरी घेऊन. पत्रे काढायलते तवा धाकटी खालून इचारायली, आई, वरचं कावून काढायलेत. परत न्हाई व्हायचं मला तसं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमीच म्हणलात, जोडा. मी चूल फोडली. चूल न्हवती ती अक्का, घर व्हतं माझं. मला कुणी सांगितलंच न्हाई."

महादेवीलाही कुणी सांगितलं नव्हतं. पण यादी तिच्याच हातची होती, आणि नियम तिला पाठ होता. एका चुलीला एक घर. तो तिनं सहा महिने दर यादीच्या वर स्वतः लिहिला होता. चूल जोडताना तो तिच्या डोक्यात आलाच नाही. जोडणं हे चांगलंच असतं, त्यात कुणाचं काही जातं कशाला?


दुरुस्ती

मा. सचिव, गृहनिर्माण संस्था, यांस. आमच्या यादीत चूक झाली असून

चूक झाली नव्हती.

मा. सचिव यांस. सदर समेट आम्ही मागे घेत

समेट मागं कसा घेतात? शब्द मागं घेतात, गाडी मागं घेतात.

मा. सचिव यांस. एक बाई आहे. तिला दोन मुली आहेत. तिचा नवरा

हे काही सचिवाला पाठवायचं पत्र नव्हतं.

तिसरा कागदही फाडून महादेवी मोंढ्यात गेली. मन्मथप्पा गल्ल्यावर बसून साबुदाणा निवडत होते. गिऱ्हाईक नव्हतं. धंदाच बसला होता सगळ्यांचा.

"आप्पा, त्या सासू-सुना परत येगळ्या करायच्यात."

मन्मथप्पांनी चष्मा वर केला. "अक्का, घटस्फोट करायला वकील असत्यात. मठ कावून?"

"थट्टा नका करू. घर जायलंय पोरीचं."

"मठ खोटं लिहीत न्हाई."

"खोटं कुठं? खरंच येगळ्या करू."

"महाराजांच्या पुढ्यात जोडलेलं? विभूती घालून?" त्यांनी एक खडा निवडून बाजूला टाकला. "हे बघा. सचिव राधाकिशन पुढच्या शुक्रवारी तपासणीला येणार हाय. त्याला दोन पेटत्या चुली दिसल्या, अन् येगळं व्हायचं कारण पटलं, तर तो तेरावं घर घालंल. पर खाली साक्षीची सही तुमची लागंल. मठाच्या वतीनं. करायची का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. मी मधी येत न्हाई."

"खोटी सही करू?"

"मी असं म्हणलो का? मी मधी येत न्हाई असं म्हणलो."

परतीच्या रिक्षात महादेवी हिशोब करत बसली की आयुष्यात आपण खोटी सही कधी केली. एकदा बालवाडीत, खिचडीच्या तांदळात अळ्या असताना "योग्य" म्हणून केली होती. ती अजून आठवत होती. त्या आठवड्यात तिला झोप लागली नाही. गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसली की आधी ती सहीच पुढं यायची.


पुन्हा चूल

चुलीला माती लागते, आणि दुष्काळात माती मुबलक. तळं कोरडं पडलेलं, पोरं तळ्यातला गाळ पाटीनं घेऊन आली. पण मातीला पाणी लागतं. चार घागरींतली पाऊण घागर चुलीत गेली. त्या दिवशी चौघींनी अंघोळ केली नाही, आणि मोठी शाळेत तोंड न धुता गेली. मंगळवारी चूल घातली. शुक्रवारपर्यंत वाळेल, असा अंदाज.

वच्छलाबाईला सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "दोन चुली झाल्या की घर हिच्या नावानं?"

"आधी घर तर मंजूर होऊ द्या. नाव नंतर."

"बरं," म्हणाली, आणि गाळ तुडवायला लागली.

मग चौदाव्या खोलीत तालीम. ज्या खोलीत महादेवीनं सहा महिने भांडणं मिटवली, तिथंच.

महादेवी: तुमी म्हणायचं, माझ्या घागरीला हात लावू नको.

सासू: माझ्या घागरीला हात लावू नको.

सून: लावीन.

सासू: लाव मग.

महादेवी: अवं, लाव कावून म्हणता!

सासू: मग काय म्हणू? उचलून उचलून हिचीच कंबर मोडलीया. मला उचलत न्हाई.

महादेवी: बाजेचं काढा. बाजेचं चांगलं यायचं तुमाला.

सासू: तू माझ्या मालकाची बाज जाळलीस.

सून: जाळली.

सासू: ...

सून: बोला की आत्याबाई.

सासू: काय बोलू. पोरगी जगली की.

धाकटी: आज्जी, शिव्या दे की! पहिल्यावानी!

शिवकन्येला हसू फुटलं. मग वच्छलाबाईलाही, पदर तोंडात धरून. महादेवीनं दोघींकडं बघितलं. एवढं चांगलं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, आणि ते मोडण्यासाठी आपण घसा कोरडा करतोय. तिला त्या क्षणी इतका थकवा आला की तिनं तालीम तिथंच सोडली. म्हणाली, शुक्रवारी देव सुचवील ते बोला.


तपासणी

राधाकिशन शुक्रवारी यायचा होता, तो बुधवारीच आला. सकाळी, भाकरीच्या वेळेला. त्याची ती पद्धतच होती. गिरणीत वीस वर्षं टाइमकीपर होता. उशिरा आलेला माणूस काय सांगणार, हे तो माणसाच्या चालण्यावरून ओळखायचा. किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फाईल.

खोलीत एका कोपऱ्यात जुनी चूल पेटलेली, दुसऱ्या कोपऱ्यात नवी, थंड. शिवकन्या जुन्या चुलीपुढं परातीत पीठ मळत होती. राधाकिशन नव्या चुलीपाशी उकिडवा बसला आणि तिच्या काठावर अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा उमटला.

"ओली हाय," म्हणाला. "कालची?"

महादेवी दाराशी उभी होती. उत्तर तिनंच द्यायचं होतं.

"अक्का, मी गिरणीतला माणूस हाय, दुश्मन न्हाई. तेरा घरं झाली तर मला काय वाईट? पर मागं एकानं बापलेक येगळे दाखवून दोन घरं घेतली अन् एक भाड्यानं दिलं. तवापासून नियम हाय. चूल दाखवायची अन् सबळ कारण सांगायचं." त्यानं फाईल उघडली. "काय कारण?"

"बाज," शिवकन्या म्हणाली. "सासऱ्याची बाज मी..."

"ते मिटलंय." त्यानं मठाची जुनी यादी वर काढली. "हे काय, महादेवीअक्काच्या अक्षरात. समेट. मिटलेलं कारण परत चालत न्हाई."

चुलीवरचा तवा तापून धूर यायला लागला. शिवकन्येनं तो उतरवला नाही. राधाकिशननं फाईलची दोरी बांधायला घेतली.

"दुसरं कारण हाय," वच्छलाबाई म्हणाली.

ती भिंतीला टेकून बसली होती, धाकटीची वेणी घालत. धाकटीला तिनं बाहेर पिटाळलं. अर्धी वेणी तशीच.

"संक्रांतीला मी नेकनूरला गेलते. भाऊ आजारी हाय म्हणून सांगून गेलते. भाऊ ठणठणीत व्हता. रामकिसननं निरोप धाडलता, म्हणून गेलते. तो आलता तिथं. एकटा न्हवता. बाई व्हती संगं. पोरगं व्हतं. चार वर्सांचं."

महादेवीला आधी वाटलं, बाई तालमीतलं काही बोलतीय. चांगलं सुचलं हिला, असंही वाटलं. मग तिनं शिवकन्येकडं बघितलं. शिवकन्येचे हात पिठात तसेच रुतलेले.

"परत येत न्हाई म्हणला. तिला सांग, म्हणला. मी सांगितलं न्हाई." वच्छलाबाई राधाकिशनकडं बघून बोलत होती, जणू खोलीत तो एकटाच होता. "ते पोरगं त्यानं माझ्या पायावर घातलं. मी उचलून कडंवर घेतलं. नातूच की. त्या बाईनं तिळगूळ केलता, तो बांधून दिला. हितं आले अन् हिला दिला. हिच्या पोरींना दिला. खाल्ला त्यांनी. दुसऱ्या दिवशी अक्काला म्हणलं, जोडा."

महादेवीला दारातून हलावंसं वाटलं, पण ती हलली नाही. आठ शुक्रवार, नववा शुक्रवार, गप्प बसलेल्या ओळी. त्यातल्या कशानंच जुळलं नव्हतं तर. पाप पोटात घेऊन आलेली एक म्हातारी, आणि आपण उभं राहून तिला म्हणालो होतो, शिवानं बुद्धी दिली.

"आत्याबाई," शिवकन्या म्हणाली. हळू म्हणाली. "चार महिने?"

"व्हय."

"शिवरात्रीपासनं एका ताटात जेवायलाव आपण."

"व्हय."

"मी रोज म्हणायची, औंदा पाऊस पडला की बोअरचं काम बंद पडंल अन् ते येतील. अन् तुमी भाकरी मोडत ऐकायच्यात."

शिवकन्या उठली. परातीतला पिठाचा गोळा तिनं मधोमध तोडला, अर्धा ताटलीत घातला आणि ताटली सासूपुढं ठेवली. ठेवली म्हणजे आदळली नाही. पण परत ती सासूच्या बाजूला बसली नाही. ओल्या चुलीपाशी गेली आणि तिच्यात काटक्या घालायला लागली. चूल पेटेना. नुसता धूर. ती फुंकत राहिली.

राधाकिशननं चष्मा पुसला. धूर होताच खोलीत. मग फाईल परत उघडून त्यानं लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, सवयीनं: "विभक्त. कारण सबळ." थोडं थांबून तो म्हणाला, "नवऱ्यानं सोडलेली बाई असंल तर घर तिच्याच नावानं होतं. तसा ठराव हाय आमचा. त्याला मागता येत न्हाई मग."

"असं ना?" वच्छलाबाई म्हणाली.

"असंच."

त्यानं कागद महादेवीपुढं धरला. साक्षीची जागा खाली, उजव्या हाताला. महादेवीनं पेन घेतलं. आठ दिवस जिच्या धाकानं झोप नव्हती ती खोटी सही करायची वेळच आली नाही. कागदावर होतं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. तिनं सही केली, आणि करता करता तिला वाटलं की खोटी करावी लागली असती तर किती बरं झालं असतं. दोघी रात्री एका ताटात जेवल्या असत्या, आणि पाप आपल्या एकटीला लागलं असतं. तिनं शिवकन्येच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला. प्रशिक्षणात सांगितलं होतं, विचारल्याशिवाय हात लावू नये. तिनं विचारलं नाही. हात परत घेतला.

"सायेब," शिवकन्या चुलीतून डोकं वर न काढता म्हणाली. "घरं सोडतीनं देणार का हातानं?"

"सोडतीनं. चिठ्ठ्या टाकून."

"सोडतीत सासूच्या शेजारचं आलं तर?"

"तर काय?"

"बदलून मिळतं का?"

राधाकिशननं महादेवीकडं बघितलं, मग म्हातारीकडं. "मिळतं," म्हणाला. "पर दोघींची संमती लागती लेखी."

"माझी हाय," वच्छलाबाई म्हणाली.